निकाल हाती नसताना देवावर भरवसा कसा ठेवावा

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करून दिली, तीन वर्षांत मिळणारे घर सातव्या वर्षीही खांबांच्या पुढे सरकलेले नाही आणि भाड्याचे धनादेशही थांबले आहेत. परळच्या रुग्णालयात केलेल्या तपासणीचा अहवाल यायला अजून काही दिवस आहेत. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा जवळ येत चालली आहे, लग्न जमत नाही, मूल होत नाही, पन्नाशीत नोकरी गेली आहे आणि दुसरी मिळण्याचे चिन्ह दिसत नाही. यांपैकी कोणत्याही अवस्थेत माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी भोवतालची माणसे त्याला देवावर विश्वास ठेवायला सांगत असतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु विश्वास ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. हे लेखन त्या एका प्रश्नापुरते आहे. देव मानणाऱ्या, पण सध्या मनातला आधार डळमळलेल्या वाचकांसाठी ते लिहिले आहे. देव आहे की नाही, या वादात ते शिरत नाही.

सुरुवातीलाच एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. सगळे आपल्या मनासारखे होईल अशी खात्री बाळगणे म्हणजे देवावर भरवसा ठेवणे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. ही समजूत घेऊन चालणाऱ्या माणसाचे निकाल प्रतिकूल लागला की दुहेरी नुकसान होते: हवी असलेली गोष्ट जाते आणि तिच्याबरोबर देवही जातो. या लेखनात भरवसा याचा अर्थ वेगळा धरला आहे. जे काही घडेल ते घडत असताना देवाशी असलेले आपले नाते तुटू द्यायचे नाही आणि त्या नात्याच्या बळावर आजचे काम आज करायचे, एवढाच तो अर्थ आहे. असा भरवसा आधी मनात उगवतो आणि मग कृतीत उतरतो, असेही मला वाटत नाही. माझ्या पाहण्यात तो नेहमी कृतीच्या मागून आलेला आहे, आणि या बाबतीत मराठी माणसाला घरचाच भक्कम पुरावा उपलब्ध आहे.

तुकोबांनी काय केले

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचे वाण्याचे दुकान बुडाले, पैसा आटला, गावातली पत गेली आणि त्यांची एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. हे सारे त्यांनी स्वतःच एका आत्मकथनपर अभंगात सांगितले आहे. तो अभंग बहुतेकांना त्यातल्या दुःखासाठी आठवतो. परंतु त्याचा पुढचा भाग अनिश्चित काळात सापडलेल्या माणसाने अतिशय सावकाश वाचण्यासारखा आहे, कारण तिथे त्यांनी आपण क्रमाने काय काय केले याचा हिशेब दिला आहे. देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते बांधावे असे मनाला वाटले. आरंभी एकादशीला कीर्तन करू लागलो, पण त्या वेळी चित्त अभ्यासात नव्हते. संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. पुढे गाणारे गात, त्यांच्या मागे राहून ध्रुपद, म्हणजे अभंगाचे पालुपद, धरले. शरीर कष्टवून, होईल तेवढा उपकार केला. खरे काय आणि खोटे काय याची साक्ष आपल्या मनाकडे ठेवली आणि बहुमताला मान दिला नाही.

या हिशेबात मला सर्वांत मोलाची वाटते ती चित्त अभ्यासात नसल्याची कबुली. ज्यांना वारकरी संप्रदाय आपला कळस मानतो, त्या संताने सुरुवात केली तेव्हा त्यांचेही मन लागत नव्हते. मन लागेपर्यंत ते थांबले नाहीत. एकादशी आली की कीर्तनाला उभे राहिले. देऊळ बांधायला घेतले तेव्हा त्यांची पत परत आलेली नव्हती, दुकान सावरलेले नव्हते आणि गेलेली माणसे तर परत येणारच नव्हती. म्हणून माझ्या मते या मार्गाची पहिली पायरी मनाची समजूत घालणे ही नाही. ती एखादा ठरावीक, आकाराने लहान नेम उचलणे ही आहे. मात्र नेमाकडे वळण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडून मोकळे व्हावे, नाहीतर तो प्रत्येक जपात डोके वर काढतो.

आधी हिशेब मांडावा

एक साधी वही घ्यावी आणि जी गोष्ट आपल्याला छळते आहे तिचे तीन भाग लिहून काढावेत. आपल्या हातात काय आहे, दुसऱ्या माणसांच्या हातात काय आहे आणि कोणाच्याच हातात काय नाही. हे मनातल्या मनात करू नये, कारण मनात हे तिन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि त्या गुंत्यालाच आपण चिंता म्हणत राहतो.

रखडलेल्या घराचेच उदाहरण घेऊ. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करारनामा दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला आहे का, त्याची प्रत घरात आहे का, महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कोणती तारीख नोंदवलेली आहे, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला आपण शेवटचे कधी गेलो होतो, थकलेल्या भाड्याबद्दल लेखी पत्र दिले आहे का, हे सारे पहिल्या भागात येते. विकासकाची पैशांची व्यवस्था, पालिकेच्या परवानग्या, न्यायालयातली तारीख हा भाग दुसऱ्यांच्या हातातला. आणि म्हातारे वडील नव्या घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत असतील की नाही, हा प्रश्न कोणाच्याच हातातला नाही. देवाकडे सोपवायचा तो मुख्यतः हा तिसरा भाग. दुसऱ्या भागासाठी प्रार्थना करावी आणि पाठपुरावाही करावा. पहिला भाग देवावर ढकलणाऱ्यासाठी आपल्या भाषेत 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण फार पूर्वीपासून आहे आणि ती कौतुकाची नाही.

या ठिकाणी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. माणसांनी केलेल्या अन्यायाला देवाची इच्छा म्हणू नये. चोखोबांची निष्ठा पंढरीच्या कोणत्याही बडव्यापेक्षा कमी नव्हती, तरीही त्यांना जन्मभर देवळाबाहेर ठेवले गेले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असताना ती कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधीही पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. त्यांनी देवावरचा भरवसा सोडला नाही, पण आपल्याला बाहेर ठेवणे देवाला मंजूर आहे, हेही त्यांनी कधी मान्य केले नाही. त्यांचे अभंग याबद्दल देवालाच जाब विचारतात. ते दार शेवटी १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले, म्हणजे माणसांनी बंद केलेले दार उघडण्यासाठी माणसांनाच झटावे लागले. तेव्हा थकलेले भाडे, अडवलेली पदोन्नती, सासरी होणारी मारहाण अशा गोष्टी वहीच्या तिसऱ्या भागात लिहिल्या गेल्या असतील, तर त्या खोडून पहिल्या किंवा दुसऱ्या भागात आणाव्यात. देवाला शरण जाणे म्हणजे अन्याय करणाऱ्यालाही शरण जाणे नव्हे.

नेम कसा घ्यावा

नेम एकच घ्यावा. संकटात सापडलेला माणूस घाबरून एकाच वेळी सोमवार, मंगळवार, गुरुवार धरतो, पारायण मांडतो, कोणी सांगितलेला जपही सुरू करतो आणि पंधरवड्यात थकून सगळेच सोडतो. सोडल्याबद्दल देव कोपेल ही नवी भीती मात्र त्याच्याकडे शिल्लक राहते. त्यापेक्षा परंपरेतले, आपल्या घरात कधीतरी ऐकू आलेले एकच काही निवडावे. ज्ञानदेवांचा हरिपाठ सत्तावीस अभंगांचा आहे. तो पूर्ण झेपत नसेल तर त्यातले दोन-तीन अभंग घ्यावेत. मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज पाच म्हटले तर एक्केचाळीस दिवसांत एक आवर्तन होते. पसायदान नऊ ओव्यांचे आहे. आजीने शिकवलेली रामरक्षा किंवा शुभंकरोती असेल तर तीही चालेल. ज्यांचा ओढा नुसत्या नामाकडे असेल त्यांनी एक माळ घ्यावी. निवडताना कोणते अधिक फलदायी, असा विचार करू नये. लहानपणापासून कानात बसलेले शब्द अडचणीच्या वेळी लवकर ओठांवर येतात, एवढाच निकष पुरेसा आहे.

नेमाचा आकार इतका लहान असावा की अंगात ताप असतानाही तो होईल. त्याची वेळ घड्याळाला न बांधता रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी: आंघोळ झाल्यावर, दिवेलागणीला, किंवा गाडीत बसायला जागा मिळाल्यावर. मुंबईत एका खोलीत पाच माणसे राहतात, देवघर म्हणजे स्वयंपाकघरातली भिंतीवरची फळी असते आणि त्याच वेळी कुकरही चढलेला असतो. म्हणून एकांताची अट घालू नये. ती घातली तर नेम कधीच सुरू होणार नाही. उपनगरी गाड्यांत वर्षानुवर्षे भजने म्हणत जाणारे लोक सगळ्यांनी पाहिले आहेत. गर्दी ही अडचण असती तर ती मंडळे टिकलीच नसती. मोबाइल मात्र तेवढा वेळ हातावेगळा, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावा, कारण ज्या निकालाची वाट आपण पाहतो तो बहुधा त्याच्यावरच येणार असतो आणि तो जवळ असला की अर्धे मन तिकडे जाते.

म्हणत असताना चिंता येणारच. तिच्याशी भांडण मांडू नये आणि ती आली म्हणून स्वतःला कमी लेखू नये; पुढची ओळ म्हणावी. एका बैठकीत मन वीस वेळा भरकटले आणि वीस वेळा परत आणले, तर ती बैठक वाया गेलेली नाही, परत आणणे हाच तर अभ्यास आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. ठरलेले तेवढेच करावे. नेमाने मनाला काही फरक पडला का, हे रोज तपासण्याचा मोह टाळावा. एकादशी दर पंधरवड्याला येते. तपासायचेच असेल तर त्या दिवशी, वहीत दोन ओळी लिहून तपासावे. झोप कशी आहे, घरच्यांवर ओरडणे कमी झाले का, पहिल्या भागातली कामे पुढे सरकली का, एवढे पाहावे. निकाल जवळ आला का, हे पाहू नये, कारण नेमाचा त्याच्याशी संबंध जोडला की देवाशी सौदा सुरू होतो.

मध्यरात्री जाग येते आणि मग डोळा लागत नाही, त्या वेळेसाठी एक वेगळा नियम घालून घ्यावा. रात्रीच्या त्या घटकेला कोणताही निर्णय घ्यायचा नाही, हिशेब मांडायचा नाही, इंटरनेटवर रोगाची लक्षणे शोधायची नाहीत. अंथरुणावरच पडून श्वासाबरोबर नाम घ्यावे. झोप लागली तर बरे आणि नाही लागली तरी पहाटेपर्यंतचा वेळ नामात गेलेला असतो. रात्री अटळ वाटलेली गोष्ट सकाळी वहीत लिहायला घेतली की तिचा आकार बहुतेक वेळा लहान झालेला आढळतो.

देवाशी बोलताना

आपल्याकडे प्रार्थनेत फार शहाण्यासारखे वागण्याची सवय पडली आहे. मनात राग असतो, फसवले गेल्याची भावना असते, आणि ओठांवर मात्र 'तुझी इच्छा' असे शब्द असतात. हे दोन्ही देवापासून लपत नाही, आणि स्वतःपासून लपवल्याने मन कोरडे पडत जाते. मराठी संतांनी असे केलेले नाही. जनाबाईंनी विठ्ठलाला एकेरीत शिव्याशाप दिले आहेत. तुकोबांनी देवाशी कडाक्याची भांडणे केली आहेत. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. परक्याशी तो सभ्यपणे बोलतो आणि निघून जातो. तेव्हा तक्रार करावी, ती स्पष्ट शब्दांत करावी आणि ती देवाकडेच करावी. 'माझ्या बरोबरीच्या सगळ्यांचे संसार उभे राहिले, मलाच का ठेवलेस?' हे वाक्य मनात असेल तर तेच म्हणावे. बोलता येत नसेल तर लिहावे. मात्र त्याला मर्यादा असावी. तक्रार नेमाच्या आधी करावी आणि मग नेमाचे शब्द म्हणावेत, म्हणजे दिवसातला शेवटचा शब्द आपल्या दुखण्याचा राहत नाही. तीच तक्रार दिवसभर दहा जणांकडे करीत फिरल्याने मात्र काहीच हलके होत नाही, उलट प्रत्येक वेळी ती थोडी वाढते.

मागावे की मागू नये, असा प्रश्न अनेकांना पडतो. मागावे. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली तेव्हा तिच्या शेवटी ज्ञानदेवांनीही मागणेच मागितले. आईवडिलांचे छत्र लहानपणी हरपलेले, समाजाने वाळीत टाकलेले ते विशीच्या आतले तरुण होते. आणि त्यांनी काय मागितले, तर दुष्टांचा दुष्टपणा जावो, सर्वांना जे हवे ते मिळो. आपल्याला तेवढे मोठे मन एकदम होणार नाही. पण आपले मागणे मागून झाल्यावर आपल्यासारख्याच अडचणीत असलेल्या एका माणसासाठी तेच मागावे. अहवालाची वाट पाहणाऱ्याने बाह्यरुग्ण विभागात शेजारच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसासाठी मागावे. याने आपले दुःख नाहीसे होत नाही, परंतु जगात ते एकट्याच्याच वाट्याला आले आहे ही भावना सैल पडते, आणि अनिश्चित काळात माणसाला आतून पोखरते ती बहुतांशी हीच भावना.

नवसाबद्दल

नवस ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती बोलणाऱ्या आईच्या जिवाची तळमळ मी हलकी मानत नाही. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला मंगळवारी पहाटेपासून रांगेत उभी राहणारी माणसे, माहीमच्या चर्चमध्ये सलग नऊ बुधवारी नोव्हेनाला येणारी सर्व धर्मांची माणसे, मनात काही इच्छा धरूनच येतात. परंतु भरवसा शिकायचा असेल तर निदान या काळात नवा नवस बोलू नये. देव पाण्यात ठेवून बसलेल्या माणसाचे लक्ष देवाकडे नसते, ते सगळे निकालाकडे असते. नवस आधीच बोलून झाला असेल, तर निकालाची वाट न पाहता त्यातला दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा भाग, म्हणजे अन्नदान, पुस्तके, वस्त्र जे काही असेल ते, आपल्या ऐपतीप्रमाणे आत्ताच करून टाकावे. आणि महिन्यातून एकदा देवळात असे जावे की त्या दिवशी काहीही मागायचे नाही. नुसते दर्शन घ्यायचे, थोडे बसायचे आणि परत यायचे. पहिल्यांदा हे फार जड जाते.

मागे उभे राहून ध्रुपद धरणे

तुकोबांच्या हिशेबातले ध्रुपद धरणे हे मला एकट्याने करायच्या सर्व साधनांपेक्षा महत्त्वाचे वाटते, आणि मुंबईसारख्या शहरात ते सहज साधण्यासारखे आहे. भजनात बुवा पुढे चरण गातो आणि मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात. मागच्याचा आवाज बसलेला असला, त्याचे मन कुठेतरी असले, एखाद्या दिवशी त्याचा विश्वासही उडालेला असला, तरी भजन पुढे जात राहते आणि तोही त्याच्याबरोबर पुढे जातो. आपल्याला स्वतःच्या बळावर विश्वास ठेवता येत नाही असे दिवस येतात. त्या दिवशी इतरांच्या विश्वासात उभे राहण्याची ही सोय आहे. म्हणून एखादे भजनी मंडळ शोधावे. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला जाणे चांगलेच, पण तेवढ्याने हे साधत नाही. आठवड्याला किंवा पंधरवड्याला जिथे तीच माणसे भेटतात असे ठिकाण हवे. चाळींत, सोसायट्यांच्या आवारांत, लहानसहान देवळांत दुपारी जमणारी महिलांची मंडळे आहेत, लालबाग-परळ भागात कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची जुनी भजनी मंडळे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. म्हणजे 'आता संपले' असे सांगणारा दिवसही त्या घरांच्या वाट्याला आला नाही. अनिश्चितता काय असते हे त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. अशा माणसांच्या शेजारी बसून टाळ धरल्याने जे कळते, ते उपदेशाने कळत नाही.

मंडळात गेल्यावर आपली अडचण सांगितलीच पाहिजे असे नाही. सांगायची असेल तर एका विश्वासू माणसाला सांगावी. नातेवाइकांच्या 'काही कळले का?', 'अजून नाही का?' या प्रश्नांसाठी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच उत्तर ठरवून ठेवावे: 'कळले की आम्हीच फोन करू.' बहुमताला मान न देण्याचा तुकोबांचा जो निश्चय आहे, त्याची रोजच्या व्यवहारातली सुरुवात एवढ्या वाक्याने होऊ शकते.

शरीर कष्टवून काही करणे

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे मूळ देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ रोजी उभे राहिले. त्यासाठी पैसा देणाऱ्या देऊबाई पाटील या निपुत्रिक होत्या. इतर ज्या स्त्रियांना मूल नाही त्यांची इच्छा पुरी व्हावी, या भावनेने त्यांनी ते बांधवले, असे परंपरा सांगते. आज तिथे लक्षावधी लोक आपापले मागणे घेऊन जातात. पण ते देऊळ ज्या बाईमुळे उभे राहिले तिने मागितले ते दुसऱ्यांसाठी. रांगेत उभे असताना हे जरूर आठवावे. अपुरे राहिलेले आयुष्य आधी पुरे होऊ दे, मग इतरांकडे पाहू, असे त्यांनी म्हटले असते तर वय निघून गेले असते.

आपल्या हातून देऊळ होणार नाही, पण कष्ट होतील. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी गावोगावाहून आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना तिथे आसरा मिळतो. रुग्णांसाठी आणि गरजूंसाठी काम करणाऱ्या अशा संस्थांना कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी माणसे हवी आहेत हे विचारून जावे आणि सांगितले ते काम करावे, मग ते भाजी निवडण्याचे असो की अर्ज भरून देण्याचे. निवड करताना एक काळजी घ्यावी. ज्या जागी आपली जखम ताजी आहे तिथे लगेच जाऊ नये. नुकताच गर्भपात झालेल्या स्त्रीने बालकांच्या विभागात सेवेला जाऊ नये. तिने वृद्धांकडे जावे, अभ्यासिकेत जावे, झाडांना पाणी घालावे. काम हाताने करण्याचे असावे, त्यात कोणाचा तरी दिवस थोडा सोपा व्हावा आणि त्याचे छायाचित्र कुठेही टाकू नये.

कोठे थांबावे

अनिश्चित काळात माणूस वाटेल त्याच्या मागे जातो, हे ओळखून असलेले लोक शहरात पुष्कळ आहेत. औषध बंद करायला सांगणारा, पैसे ठरवून मागणारा, एकट्यात भेटायला बोलावणारा, घरातल्याच कोणाकडे बोट दाखवून करणी सांगणारा माणूस, त्याचे नाव कितीही मोठे असो, देवाच्या मार्गातला नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. अशा माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते आणि करावी. नेम, भजन, सेवा हे सारे औषधोपचाराबरोबर करायचे आहे, त्याच्या ऐवजी नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगू नये असे वाटू लागले असेल, तर ती श्रद्धा कमी पडल्याची खूण समजू नये आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जगू नये असा विचार मनात असेल तर नेम नंतर, फोन आधी.

निकालाच्या दिवशी

तारीख कळली की त्या दिवसाची आखणी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावी. बरोबर कोण येणार, अहवाल कोण वाचणार, पहिला फोन कोणाला करायचा, हे ठरलेले असावे. त्या दिवशीचा नेम घराबाहेर पडण्यापूर्वी करावा आणि तो रोजच्याएवढाच करावा. त्या दिवशी मुद्दाम वाढवला तर तो पुन्हा निकालासाठी दिलेली किंमत होतो. निकाल अनुकूल आला तर आनंद मोकळेपणाने करावा, आणि संध्याकाळचे भजन त्या गडबडीत बुडवू नये. नेमाचा विसर पडतो तो दुःखापेक्षा सुखात जास्त.

निकाल प्रतिकूल आला तर त्या दिवशी अर्थ शोधायला बसू नये. देवाने असे का केले, यातून काय शिकायचे, हे प्रश्न त्या दिवसाचे नाहीत, आणि दुसरे कोणी त्यांची उत्तरे देऊ लागले तर नम्रपणे थांबवावे. रडू आले तर रडावे. घरात लहान मुले असतील तर त्यांना त्यांच्या वयाला झेपेल एवढे खरे सांगावे. पुढची डॉक्टरांची वेळ, पैशांची जुळणी, कार्यालयातली रजा ही पहिल्या भागातली कामे वहीच्या नव्या पानावर लिहावीत. नेमाचे शब्द म्हणवत नसतील तर घरातल्या दुसऱ्या कोणी ते मोठ्याने म्हणावेत आणि आपण नुसते ऐकावे. तोही नेमच झाला. पहिले काही आठवडे नेम बदलू नये, वाढवू नये, देव बदलू नये.

आणि मुंबईत वारंवार होते तसे झाले, म्हणजे निकाल आलाच नाही, तारीख पुढे गेली, सोडत लांबली, यादी पुन्हा तपासली जाणार असे कळले, तर नवी तारीख वहीत लिहून घ्यावी, पहिल्या भागात एखादे नवे काम निघते का ते पाहावे आणि येत्या एकादशीला मंडळात जाऊन नेहमीच्या जागी बसावे.